अंतर किती, ते आधी सांगा

गोव्यात फोंड्याला वडिलांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ मी चालवते. लग्नं, मुंजी, बारशी आणि पासपोर्टचे फोटो यांवर घर चालतं. सुट्टी मिळाली की मी मोलेला, नेत्रावळीला, नाहीतर माहेरी दुर्भाटच्या बांधावर असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जंगलात निघालेल्या वाचकांची पत्रं संपादकांनी या वेळी माझ्याकडे पाठवली. पत्रांत लेन्सचे आकडे आहेत, किमती आहेत, कुणाच्या दिराकडे कोणता कॅमेरा आहे तेही आहे. प्राणी किती अंतरावर असेल, हे मात्र एकाही पत्रात नाही. माझी उत्तरं तिथूनच सुरू होतात.

सप्रेम नमस्कार ताई. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं ताडोबाला जाणार आहोत. दोन सफारी कोअरमध्ये (आतल्या जंगलात) आणि एक बफरमध्ये (त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात) मिळाली आहे. सत्तरी तालुक्यात लहानपण गेलं, वाघाच्या गोष्टी खूप ऐकल्या, वाघ कधी पाहिला नाही. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि त्यासोबत आलेल्या १८-५५ व ५५-२५० या दोन लेन्स. भावोजी म्हणतात, २५० मध्ये वाघ मुंगीएवढा दिसेल, १५०-६०० घेऊन टाक. त्यासाठी पोस्टातली ठेव मोडावी लागेल. मोडू का?
— शिक्षिका, साखळी

ठेव मोडू नका.

एक साधा हिशेब देते, तो भावोजींनाही दाखवा. प्राण्याची लांबी मीटरमध्ये घ्या, तिला लेन्सवर लिहिलेल्या मि.मी.ने गुणा आणि अंतराच्या मीटरने भागा. जे येईल तेवढे मि.मी. तो प्राणी कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, व्यापतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मि.मी. रुंद आहे. वाघ शेपूट सोडून दोन मीटर धरू. तो ४० मीटरवर आडवा चालला आहे आणि तुमची लेन्स २५० वर आहे. दोन गुणिले २५०, भागिले ४०, म्हणजे साडेबारा मि.मी. चौकटीचा अर्ध्याहून जास्त भाग वाघाने भरला. यात मुंगी कुठे आली?

आता दुसरं अंतर घ्या. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यटकांची गाडी वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर दूर असली पाहिजे. त्या २० मीटरवर तुमची लेन्स २२० वर आणली की वाघ नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत चौकटभर येतो. म्हणजे नियम पाळून जेवढ्या जवळ जाता येतं, तेवढ्यासाठी तुमच्याकडची लेन्स पुरते. तिचं वजन पाव किलोच्या वर, अर्ध्या किलोच्या आत. १५०-६०० जातीच्या लेन्स दोन किलोच्या आसपास असतात आणि सफारीत तीन-चार तास त्या हातात, नाहीतर मांडीवर धराव्या लागतात.

अंतर आपण राखलं तरी वाघ राखेलच असं नाही. जंगलातला रस्ता त्याला चालायला सोपा पडतो, म्हणून तो रस्त्यावर येतो आणि कधी सरळ जिप्सीच्या दिशेने चालत राहतो. काही वर्षांपूर्वी एका मे महिन्यात मी ताडोबात होते. स्नेह्यांकडून ५०० मि.मी.ची झूम नसलेली लेन्स मागून नेली होती आणि कॅमेरा एकच होता. बांबूच्या बेटातून एक वाघीण बाहेर आली, १२ मीटरवर थांबली, मागे वळून पाहिलं आणि तिच्या मागून दोन पिल्लं रस्त्यावर उतरली. माझ्याकडे त्या सकाळचा तिचा डोळा आहे, कान आहे, मिशांच्या मुळाशी असलेले काळे ठिपके आहेत. पिल्लं एकाही फोटोत नाहीत. तिघांना मावून घेईल अशी काचच माझ्याजवळ नव्हती. १२ मीटरवर तुमची लेन्स ५५ वर ठेवलीत, तर दोन मीटरचा वाघ ९ मि.मी. व्यापतो आणि बाजूला पिल्लांना, बांबूला, रस्त्यावरच्या धुळीला जागा उरते. १५०-६०० ची सर्वांत आखूड बाजूसुद्धा त्या अंतरावर आडवा वाघ अख्खा घेऊ शकत नाही. २५ मि.मी. येतात, सेन्सर संपतो. लेन्स घेताना सगळे तिचा मोठा आकडा वाचतात. तुम्ही लहान आकडा वाचा.

६०० चा फायदा नाहीच असं मी म्हणत नाही. ८० मीटरवर, तलावाच्या पलीकडच्या काठावर वाघ पाण्यात बसला असेल, तर २५० वर तो सव्वासहा मि.मी. येईल आणि ६०० वर १५. पण मे महिन्यात चंद्रपूरकडे ऊन्ह किती असतं ते तुम्ही ऐकलं असेलच. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा लांबचं सगळं थरथरवते. अशा वेळी काढलेल्या फोटोत कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्याला लेन्स काही करू शकत नाही. लेन्स जितकी लांब, तितकी थरथर ठळक. लांबचा वाघ पहाटे टिपायचा असतो. उशीर झाला असेल तर कॅमेरा खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहावं.

तरीही मनात राहिलं असेल तर लांब लेन्स भाड्याने घ्या, पण सहलीच्या आधी पुरेसे दिवस ती घरी वापरून पाहा. शेतातली म्हैस आणि तिच्यामागे फिरणारे बगळे यांच्यावर सराव करा. दोन किलोची लेन्स उचलून हलत्या पक्ष्यावर फोकस बसवायला हाताला आठ-दहा दिवस लागतात. ते शिकण्यात ताडोबाची पहिली सफारी जाऊ देऊ नका.

आता तुमच्या ५५-२५० साठी. ती कॅमेऱ्यावर चढवा आणि सफारी संपेपर्यंत काढू नका. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते आणि उघड्या जिप्सीत लेन्स बदलली की ती सेन्सरवर जाऊन बसते. १८-५५ हॉटेलवर ठेवलीत तरी चालेल. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेऱ्यावर ओला करून पिळलेला नको, कोरडाच पंचा किंवा उशीचा अभ्रा टाका. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, पहाटे ३२०० पर्यंत जाऊ द्या, घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. चालत्या वाघाला शटर ५०० च्या (सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या) खाली नको, धावणाऱ्या हरणाला हजाराच्या खाली नको. लेन्समधलं स्थिरीकरण तुमच्या हाताचं कापरं थांबवतं, हरणाचे पाय नाही. फोकस एआय सर्वोवर, म्हणजे हलत्या प्राण्यामागे फिरत राहील असा, आणि मधल्या एकाच बिंदूवर ठेवा, नाहीतर कॅमेरा वाघाच्या पुढचं गवत पकडतो. तुमचा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, त्यामुळे बटण दाबून धरण्यात अर्थ नाही. वाघ मान वर करेल, पाऊल उचलेल, त्या क्षणाची वाट बघा.

आणि जिप्सीत तिवई नको. इतरांना अडचण होते, आपल्यालाही वळता येत नाही. जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा कापा, एक तोंड शिवा, दुसऱ्याला चेन लावा. पिशवी रिकामी न्या, तिथे पोचल्यावर दोन किलो तांदूळ घेऊन भरा आणि जिप्सीच्या दांड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेका. फोटो काढायची वेळ आली की चालकाला इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर तांदळातूनही येते. निघताना ते तांदूळ तिथेच कुणाला द्या.

सत्तरीतल्या वाघाबद्दल तुम्ही लिहिलंत. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, तेव्हा आपल्या रानात वाघ आहे हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. मला ते अजून सलतं. ताडोबाहून आलात की शाळेतल्या मुलांना फोटो दाखवताना म्हादईचंही सांगा.

माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि ७०-३०० एएफ-पी आहे. दुप्पट करणारा कन्व्हर्टर लावला तर कमी पैशांत ६०० मि.मी. होईल ना?
— बँक कर्मचारी, म्हापसा

मि.मी. होतील, फोटो होणार नाही. कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारं जादा भिंग; निकॉनचे कन्व्हर्टर या लेन्ससाठी बनवलेलेच नाहीत. दुसऱ्या कुणाचा लावलात तर दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे चौथाईच उरतो. एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी: तुमची लेन्स ३०० वर एफ ५.६ असेल तर ६०० वर एफ ११ होते, एफ ६.३ असेल तर एफ १३ च्या आसपास. डी५६०० चा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंतच्या उजेडाचा हिशेब धरून केलेला आहे. रानात तो पुढे-मागे घरघरत राहील आणि पक्षी उडून जाईल. कन्व्हर्टर एफ २.८ किंवा एफ ४ च्या, झूम नसलेल्या लेन्सला शोभतो, आणि तोही १.४ पटीचा. ३०० वर फोटो काढा आणि मग कापा. २४ मेगापिक्सेल आहेत, निम्मी चौकट टाकून दिलीत तरी पानभर छापता येईल एवढं उरतं.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी दाखवणाऱ्या होडीतून जाणार आहोत. जड तिवई आहे, ती न्यावी का? लेन्स ७०-३०० आणि १५०-६०० दोन्ही आहेत.
— निवृत्त अभियंता, वास्को

तिवई घरी. होडीच्या फळीवर उभी केलेली तिवई इंजिनाची सगळी थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवते; तीच थरथर आपलं शरीर बरीचशी पिऊन टाकतं. खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेका, शटर हजारावर ठेवा. बसल्यावर लेन्सही पाण्याच्या जवळ येते आणि मगर डोळ्याच्या पातळीवर दिसते. उभं राहून काढलेल्या फोटोत ती चिखलातल्या ओंडक्यासारखी दिसते.

तीन मीटरची मगर २५ मीटरवर असेल, तर २०० मि.मी.वर ती २४ मि.मी. होते. तुमचा सेन्सर निकॉन किंवा सोनीच्या लहान जातीचा असेल, तर त्याची रुंदी साधारण तेवढीच असते. म्हणून ७०-३०० न्या. लांब लेन्सचा उपयोग तिथे खारफुटीत बसलेल्या खंड्यासाठी आहे. तेवढ्यासाठी न्यायची तर न्या, पण होडीत लेन्स बदलताना पट्टा गळ्यात असू द्या.

लेन्सपेक्षा ओहोटीची वेळ जास्त महत्त्वाची. मांडवी आणि झुवारी या नद्यांना जोडणाऱ्या या कालव्यात भरती-ओहोटीचं पाणी दोन्हीकडून खेळतं. पाणी उतरलं की चिखलाचा काठ उघडा पडतो आणि थंडीच्या सकाळी मगरी अंग शेकायला त्यावर येतात. भरतीला गेलात तर दोन डोळे आणि एक नाकपुडी दिसेल. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे होडी ठरवण्याआधी त्या दिवसाची वेळ काठावरच्या मासेमाऱ्यांना विचारा. ती त्यांना तोंडपाठ असते. मगर दिसली की होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा आणि पाणी नेईल तसं जाऊ द्या. तिच्याकडे होडी वळवायला सांगू नका. ती पाण्यात उतरली की तिचं ऊन्ह गेलं आणि तुमचा फोटोही गेला.

माझ्या माहेराकडे खाजन शेतीच्या (खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या) बांधांवर पौष अमावास्येला चिखलाची मगर घालून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला. माझी आजी मगरीला राखणदार म्हणायची. होडीतून आरडाओरडा ऐकू आला की मला ती आठवते.

मॅडम, आमच्या गावाजवळच्या रानात एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाचं घरटं सापडलंय. नर दिवसातून बऱ्याच वेळा येतो. मित्राकडे ६०० मि.मी. आहे, पण मध्ये फांद्या येतात. समोरच्या झाडावर मचाण बांधून ७०-२०० ने काढलं तर जास्त चांगलं येईल ना? अजून कुणाला ही जागा माहीत नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा तालुका

तुझ्या पत्रातलं गावाचं नाव मी छापायला दिलेलं नाही. तूही ते कुणाला सांगू नकोस, ज्याच्याकडे ६०० आहे त्या मित्रालासुद्धा.

मचाण बांधू नकोस. कारण नीट वाच. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर यांनी दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. त्या काळोखात ती अंडी उबवते, आत असताना तिची पिसंही गळतात. कित्येक आठवडे तिला आणि पुढे पिल्लांना मिळणारा प्रत्येक घास नर आणतो. तू समोरच्या झाडावर बसलास तर नर घाबरेल, तोंडात फळं घेऊन लांब बसून राहील, नाहीतर परत जाईल. तुला वाटेल आज तो कमी वेळा आला. आत ती उपाशी असेल, आणि पिसं गळलेली असली तर तिला बाहेर पडून उडताही येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येतच घातलं आहे. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

घरट्याच्या फोटोसाठी मी कुणालाच लेन्स सुचवत नाही. धनेशाच्या फोटोसाठी मात्र भरपूर सांगते, कारण तुझ्या पत्रातली ओढ मला कळते. मी तुझ्या वयाची असताना मोलेच्या वाटेवर मोठ्या धनेशाच्या पंखांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. वाफेचं इंजिन श्वास घेत यावं तसा तो आवाज आधी येतो, पक्षी मागून दिसतो. त्या दिवशी माझ्याकडे कॅमेरा नव्हता आणि तो आवाज आजही मला कुठल्याही फोटोपेक्षा लख्ख आठवतो.

घरटं सोड आणि फळं शोध. वड, पिंपळ, उंबर पिकले की धनेश येतात. आपल्याकडच्या काजऱ्यावर नारिंगी फळं लागली की कवड्या धनेशही येतो. बी विषारी असूनही गर खातो. कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, कडेला असं एखादं झाड तुला नक्की माहीत असेल. दोन दिवस नुसता जाऊन बघ. कोणत्या वेळी येतात, कुठून येतात, आधी कोणत्या फांदीवर बसतात. मग उजेड पाठीशी राहील अशा बाजूला, झाडापासून ४० मीटरवर, कुणाच्या तरी गोठ्याच्या किंवा मांगराच्या सावलीत बस. कवड्या धनेश चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ६५ सें.मी. ६०० मि.मी.वर, ४० मीटरवरून तो पावणेदहा मि.मी. येतो. चौकटीचा दोनपंचमांश भाग पक्ष्याचा, बाकीची फळं आणि पानं. मला विचारशील तर याहून जवळचा फोटो चांगला नसतो. पक्षी कोणत्या झाडावर, काय खात होता, हे त्यात दिसायला हवं.

उडताना पकडायचा तर लेन्स ३०० च्या आसपास आण. ६०० मधून उडता पक्षी शोधेपर्यंत तो डोंगराआड जातो. शटर सोळाशे.

दाट रानात, जिथे दुपारीही संध्याकाळ असते, तिथे ६०० मि.मी. एफ ६.३ पेक्षा ३०० मि.मी. एफ ४ मला जास्त उपयोगी पडते. उजेड जवळजवळ अडीच पट येतो. कर्णा पक्षी एका फांदीवर पाच-पाच मिनिटं हलत नाही; शटर १०० वर आणून, झाडाच्या बुंध्याला टेकून, श्वास रोखून काढता येतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नकोस. आपल्या हद्दीत कुणी घुसला असं समजून तो चारा सोडून भांडायला येतो. विणीच्या दिवसांत तर हे त्याला फार महाग पडतं.

पावसाळा संपला की मला पुन्हा लिही. ढोलीतून किती पिल्लं बाहेर आली ते कळव.

मामांनी त्यांची जुनी ३०० मि.मी. लेन्स मला दिली. दांडेलीला न्यायची आहे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. पुसल्याने जात नाही. हे काय आहे? माझ्या दुसऱ्या लेन्सना लागेल का?
— गृहिणी, वाळपई

बुरशी आहे. आपल्या हवेत काचेचा हा नेहमीचा शत्रू आहे, आणि वाळपईत पाऊस पणजीपेक्षाही जास्त.

आधी किती आहे ते बघा. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, काळोख्या खोलीत मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून पाहा. एक-दोन बारीक धागे कडेला असतील तर फोटोत काहीच कळणार नाही, दांडेलीला खुशाल न्या. मधोमध पांढरट जाळं असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येतील. ऊन्ह पाठीशी ठेवलंत तर बरंच निभावेल. साफ करता येते का? पुढच्या किंवा मागच्या काचेवर असेल तर बहुधा येते. बुरशीने काचेवरचा मुलामा खाल्ला असेल तर डाग राहतोच. जुन्या लेन्सची साफसफाई करून घेण्याआधी खर्च विचारा. कधी कधी तेवढ्यात दुसरी चांगली जुनी लेन्स मिळते.

माझी एक लेन्स अशीच गेली. जुलैत मोलेहून भिजून आले, लेन्स वरवर पुसली, तिच्या चामड्याच्या डब्यात घातली आणि डबा लाकडी कपाटात. घरात आजारपण होतं, गणपती झाल्यावर कपाट उघडलं. चामडं हिरवं आणि काच पांढरी. एका ठिकाणी दुरुस्तीला दिली तर काच साफ होऊन आली, पण आतलं भिंग किंचित तिरकं बसलं होतं. तेव्हापासून फोटोची डावी बाजू कायम मऊ येते. ती लेन्स बाबांनी घेतलेली होती.

तेव्हापासून मी करते ते सांगते. चामड्याचे डबे, कापडी बॅगा आणि बंद कपाट, तिन्ही पावसाळ्यात वर्ज्य. रबरी कड असलेला, हवा न जाणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल आणि एक लहानसा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर गेला की बुरशीला वाव मिळतो. फार खाली, ३० च्या आत गेला तर वंगण आणि रबर सुकतं. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, ओलं झाल्याचं लगेच कळतं. ते मंद आचेवर जुन्या लोखंडी कढईत परतलं की पुन्हा कामाला येतं. पण ती कढई कायमची वेगळी काढा, निळ्या दाण्यांतलं रसायन पोटात जाता कामा नये. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा थर काचेवर बसतो. तांदूळही नकोत, त्यांचं पीठ आत जातं. विजेवर चालणारं कोरडं कपाट मिळतं ते उत्तमच, पण दोन-तीन लेन्सना डबा पुरतो. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून चार फोटो काढा, मग ते उंबऱ्यावरच्या मांजराचे का असेनात.

मामांची लेन्स तुमच्या इतर लेन्सपासून वेगळ्या डब्यात ठेवा. बुरशीची बीजं हवेत सगळीकडे असतात, त्यामुळे शेजारी ठेवल्याने लगेच लागण होते असं नाही, पण दमट डबा एक असला की सगळ्याच लेन्सना धोका सारखाच.

दांडेलीला जाताना आणखी एक. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून बाहेर पडलात की थंड काचेवर दव धरतं, आणि नेमकं पहिल्या गव्याच्या वेळी लेन्समधून धुकं दिसतं. कॅमेऱ्याची बॅग निघण्याआधी अर्धा तास बाहेर, व्हरांड्यात ठेवा. चेन उघडू नका. आतली काच हळूहळू बाहेरच्या उष्णतेला येऊ द्या.

मुलगी अकरा वर्षांची. पक्ष्यांचं वेड लागलंय. वाढदिवसाला तिच्यासाठी कोणती लेन्स घ्यावी?
— एक बाबा, मडगाव

दुर्बीण घ्या. ८ गुणिले ४२ असं लिहिलेली. तिच्या हाताला जड वाटली तर ८ गुणिले ३२. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मि.मी.मध्ये. दहा किंवा बारा पटीची नको, मुलांच्या हातात ती फार हलते. दुकानात तिलाच डोळ्याला लावून बघू द्या. दोन्ही नळ्या तिच्या डोळ्यांतल्या अंतराएवढ्या जवळ येतात का ते पाहा. मोठ्यांसाठी केलेल्या काही दुर्बिणी येत नाहीत, मग मुलांना दोन वेगळी वर्तुळं दिसतात. ती चष्मा लावत असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत ढकलून वापरायला शिकवा.

सोबत एक रेघी वही आणि पेन्सिल. थंडीत करमळीच्या तळ्यावर बदकं उतरतात, तिथे काठावरून भरपूर दिसतं. त्याआधी एखाद्या रविवारी सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा. डॉ. सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य धक्क्यापासून चालत जाण्याएवढं जवळ आहे. पण दुर्बीण तिला फेरीबोटीतच द्या. पलीकडे पोचेपर्यंत घारी बोटीवर घिरट्या घालत असतात, मोठ्या आणि सावकाश, शिकायला त्याच चांगल्या.